आंबवलेलं सगळंच ‘प्रोबायोटिक’ नसतं

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. तीन शब्द आधी वेगळे करून ठेवू, कारण निम्मे प्रश्न त्यांच्या सरमिसळीतूनच आले आहेत. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा संख्येने पोटात गेलेले आणि ज्यांचा फायदा तपासून पाहिलेला आहे असे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी 2001 मध्ये साधारण ही व्याख्या ठरवली. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं खाणं. आपल्याला न पचणारा, पण त्यांना पचणारा अंश. आणि आंबवलेला पदार्थ म्हणजे सूक्ष्मजीवांनी काम करून ठेवलेला पदार्थ. ते काम झाल्यावर पानात येईपर्यंत ते जिवंत राहतातच असं नाही.

प्रश्न : थंडीत दही लागत नाही. लागलं तर चमच्याला तार सुटते. असं दही खावं का? आणि घरच्या दह्याला प्रोबायोटिक म्हणता येईल का?

तार सुटलेलं दही विषारी नसतं. दह्यात एकाच जातीचे जिवाणू नसतात. 40 ते 43 अंशांना जे जोमाने वाढतात ते दही घट्ट आणि स्वच्छ आंबट करतात. दूध 20–25 अंशांवर रेंगाळलं की थंडी मानवणाऱ्या जाती पुढे जातात. त्यांतल्या काही साखरेच्या लांब साखळ्या तयार करतात, तीच ती तार. तेच दही विरजण म्हणून वापरत राहिलं की दोष रोज पुढे जातो. म्हणून विरजण बदला: ज्यांच्याकडे दही चांगलं लागतं त्यांच्याकडून एक वाटी आणा आणि जुनं भांडं उकळत्या पाण्याने धुऊन घ्या.

अर्धा लिटर दूध उकळल्यावर मंद आचेवर ढवळत पाच मिनिटं ठेवा. यात दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट बसतं. नुसतं कोमट करून विरजलेलं दूध पातळच राहतं. मग बोट बुडवून सोसवेल इतकं गरम राहेपर्यंत निवू द्या. उन्हाळ्यात एक आणि थंडीत दोन लहान चमचे विरजण दोन चमचे दुधात मोडून घ्या आणि मग सगळ्या दुधात मिसळा. भांडं कॅसरोलमध्ये किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि मध्येच हलवू नका. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरतात, थंडीत सात-आठ लागतात. सुरी घातल्यावर काप स्वच्छ पडला की लगेच फ्रीजमध्ये. दूध फार गरम असताना विरजलं तर विरजणातले जिवाणू मरतात आणि सकाळी दूधच मिळतं. दही लागूनही बाहेरच राहिलं तर ते आंबट होतं आणि पाणी सुटतं. ते पाणी टाकू नका, कणीक भिजवा. हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर मात्र वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका.

विरजण नसताना दुधात मिरचीचं देठ टाकतात. देठावरचे जिवाणू खरोखरच दही लावतात, पण कोणते ते आपल्या हातात नसतं. पहिलं दही टाकून त्याच्या विरजणाने दुसरं लावा.

आता प्रोबायोटिकचं. घरच्या ताज्या दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण ते कोणते आणि किती हे मोजलेलं नसतं. त्यामुळे काटेकोरपणे ते नाव लागत नाही. त्याने दह्याचं काही बिघडत नाही. दूध पचत नसलेल्या अनेकांना दही पचतं ते याच जिवाणूंमुळे. दुधातली साखर फोडायला ते मदत करतात. जिवंत जिवाणूंच्या योगर्टबाबत हा एक दावा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये मान्य केला, आणि असे मान्य झालेले दावे फार थोडे आहेत. कढी उकळली की हा फायदा गेला. कढी चवीसाठी खा.

प्रश्न : इडली, डोसा, ढोकळा रोज खाल्ले तर आतड्याला चांगले जिवाणू मिळतात ना?

मिळत नाहीत. वाफेवर पंधरा मिनिटं राहिलेल्या इडलीत काही जिवंत उरत नाही. गोव्याच्या सान्नांत, म्हणजे माडी घालून आंबवलेल्या इडलीसारख्या पदार्थात, माडीतलं यीस्टही वाफेत मरतं. म्हणून आंबवणं वाया गेलं असं नाही: पीठ फुगतं, पचायला हलकं होतं, काही ब जीवनसत्त्वं वाढतात, आणि लोह-जस्त अडवून ठेवणारं फायटेट कमी होतं. सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालून लगेच केलेल्या ढोकळ्यात यातलं काहीच नाही, फक्त बुडबुडे.

जिवंत जिवाणू हवे असतील तर आंबील करा, पण क्रम बदलून. चार चमचे नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ एक वाटी पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन वाट्या पाण्यात घालून, गुठळ्या न होऊ देता, सात-आठ मिनिटं शिजवा. पूर्ण निवू द्या. त्यानंतर एक वाटी ताजं ताक, मीठ आणि ठेचलेली मिरची घाला. ताक घालून परत गरम केलंत तर कढीसारखीच गत होते.

प्रश्न : कैरीचं लोणचं वर्षभर मुरतं. ते आंबवलेलंच झालं ना?

फारसं नाही. आपल्या कैरीच्या लोणच्यात मीठ इतकं असतं की खराब करणाऱ्या जिवाणूंबरोबर दही-ताकातले जिवाणूही वाढू शकत नाहीत. ‘मुरणं’ म्हणजे बहुतेक मीठ आत शिरून फोड मऊ होणं. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेल यांच्यावर.

खरोखर आंबवायचं असेल तर मीठ कमी आणि मोजून हवं. अर्धा किलो गाजर-मुळ्याच्या बोटभर फोडी, अर्धा लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि 25 ग्रॅम मीठ; म्हणजे भाजी आणि पाणी मिळून वजनाच्या अडीच टक्के. चमच्याने मोजू नका. जाडं आणि बारीक मीठ एकाच चमच्यात वेगवेगळ्या वजनाचं बसतं, आणि बहुतेक बरण्या बिघडतात त्या इथेच. एक चमचा मोहरीची पूड घाला. फोडी पाण्याखाली राहिल्याच पाहिजेत. वर एखादी छोटी वाटी दाबून ठेवा. झाकण सैल ठेवा, नाहीतर वायू साठून बरणी उघडताना पाणी उसळतं. आपल्याकडच्या हवेत तीन-चार दिवसांत पाणी गढूळ होतं आणि आंबट वास येतो. हे बरोबर चाललं असल्याचं लक्षण. वर पांढरी, सपाट साय आली तर काढून टाका. केसाळ किंवा रंगीत बुरशी आली तर सगळं टाका. मग फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार आठवड्यांत संपवा.

रक्तदाब असणाऱ्यांनी हिशेब करावा. 50 ग्रॅम फोडींतून सव्वा ग्रॅम मीठ जातं, आणि दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅम आहे.

प्रश्न : अँटिबायोटिकबरोबर डॉक्टर प्रोबायोटिकची कॅप्सूल देतात. ती घ्यावीच लागते का? त्याऐवजी ताक चालेल का?

प्रत्येक वेळी लागते असं नाही. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळायला दोन नावांमागे बऱ्यापैकी पुरावा आहे: सॅकरोमायसिस बोलार्डी आणि लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी. यातलं पहिलं यीस्ट आहे. अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, यीस्टला नाही. म्हणून ते औषधासोबत घेतलं तरी चालतं. बुरशीविरोधी गोळी चालू असेल तर मात्र तेही मरतं. दुसरं जिवाणू आहे. त्यात आणि अँटिबायोटिकच्या डोसात दोन-तीन तासांचं अंतर हवं. सुरुवात पहिल्या एक-दोन दिवसांतच करावी. जुलाब लागल्यावर घेण्यात तेवढा अर्थ नाही.

छोट्या प्लास्टिकच्या कुपीत मिळतं ते बहुधा बॅसिलस क्लॉसी. त्याचे बीजाणू (जाड कवचातलं सुप्त रूप) असतात, त्यामुळे फ्रीज लागत नाही आणि पोटातल्या आम्लातूनही ते पार होतात. पाण्यासारखं दिसतं म्हणून त्यात काही नाही असं समजू नका, पण कुपी हलवूनच घ्या, बीजाणू तळाशी बसतात.

दुसरी बाजूही आहे. इस्राएलच्या वाइझमान इन्स्टिट्यूटच्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात, अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचं मिश्रण घेणाऱ्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही, पण ‘घेतलं तर तोटा काय’ असं म्हणून महिनोन्‌महिने कॅप्सूल चालू ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा मोठ्या शिरेत नळी असलेले रुग्ण यांनी यापैकी काहीही स्वतःहून घेऊ नये. अशांच्या रक्तात हेच सूक्ष्मजीव शिरल्याच्या नोंदी आहेत.

ताक जरूर प्या, मात्र ते या कॅप्सूलची जागा घेत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर दूध, दही, ताक गोळीपासून दोन-तीन तास लांब ठेवा. कॅल्शियममुळे औषध रक्तात कमी जातं. जुलाबात रक्त, ताप किंवा जोराची पोटदुखी असेल तर कुठल्याही कॅप्सूलची वाट न पाहता डॉक्टर गाठा.

प्रश्न : प्रीबायोटिक म्हणून कांदा-लसूण, कडधान्यं वाढवली आणि पोट फुग्यासारखं झालं. सोडून द्यावं का?

सोडू नका, मागे या. कांदा, लसूण आणि गव्हातलं फ्रुक्टान (साखरेची न पचणारी साखळी) आणि कडधान्यांतली रॅफिनोज गटातली साखर जिवाणूंना आवडते, आणि ते ती खाताना वायू सोडतात. एकदम वाढवलं की एवढा वायू आतड्याला पेलत नाही. अर्धी वाटी उसळ एक दिवसाआड, दोन आठवडे, मग थोडी वाढवा. कडधान्यं आठ-दहा तास भिजवून ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात शिजवा; त्या साखरेचा काही भाग पाण्याबरोबर जातो. बरोबर पाणी पुरेसं प्या.

आयबीएस (वारंवार पोट दुखणं, फुगणं, शौचाचं तंत्र बिघडणं) असलेल्यांसाठी एक युक्ती. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या परतून, पाणी किंवा भाजी पडायच्या आत त्या काढून टाकल्या, तर स्वाद राहतो आणि त्रास टळतो. आमटीत लसूण शिजवून मग वेचून काढणं उपयोगाचं नाही. हे तेल करून बाहेर साठवू नका, बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा, धोका असतो. त्या त्या फोडणीपुरतंच करा.

शिळ्या भाताचं जे कौतुक चाललंय त्यात तथ्य आहे: निवताना स्टार्चचा काही भाग न पचणारा होतो, आणि परत गरम केल्यावरही बराच तसाच राहतो. मात्र भात तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं उलटी आणणारं विष परत गरम करूनही जात नाही.

प्रश्न : सात महिन्यांच्या बाळाला दही द्यावं का? प्रोबायोटिकचं तयार पेय?

दही द्या, पेय नको. त्या पेयांत साखर असते, आणि या वयात तिची गरज नाही. सहा महिन्यांनंतर घरचं ताजं, आंबट न झालेलं दही एक-दोन चमचे, मऊ भातात कालवून, फ्रीजचा गारवा गेल्यावर. पहिले तीन दिवस दुसरा कुठलाही नवा पदार्थ देऊ नका, म्हणजे पुरळ किंवा उलटी झाली तर कारण कळेल. साखर नको, मीठ नको. आणि गोडीसाठी मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाच्या टोकावरसुद्धा नको.