तीन वर्षांच्या पट्ट्या घेऊन ये

कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बाजार समितीत सोयाबीन विकताना झालेल्या कापाकापीवरचं तुझं निवेदन वाचलं आणि सोबतचा पट्टीचा, म्हणजे व्यापाऱ्यानं दिलेल्या हिशेबाच्या पावतीचा, फोटोही मोठा करून बघितला. खळ्यावर तुझ्या मीटरनं ओलावा ११.८ दाखवला, दुकानातल्या मीटरवर तोच १४.५ झाला. मग हवेपायी म्हणजे ओलाव्यापायी कापलं, मातीपायी कापलं, डागी म्हणून कापलं, वर पोत्यामागे किलोचा कडता, म्हणजे वजनातली सरसकट कपात. चार महिने राबून पिकवलेल्या मालाचा भाव दुसऱ्यानं दहा मिनिटांत ठरवला आणि तू मुकाट्यानं पट्टी खिशात घालून घरी आलीस. राग येणारच. तो आला नसता तर मला वाईट वाटलं असतं.

निवेदनावर मी सही करतो. पण ‘बाजार समित्या बंद करा’ हे शेवटचं वाक्य तेवढं बदल.

माझं म्हणणं सविस्तर सांगतो. मी पोरसवदा असताना वडिलांबरोबर बैलगाडीतून शेंगा घेऊन बाजारात गेलो होतो. व्यापाऱ्यानं कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, तळातल्या शेंगा वर काढल्या, दोन फोडून दाणे दाताखाली धरले. मूठभर नमुना घेतला तो परत पोत्यात गेला नाही. असे चार जण आले, चार मुठी गेल्या. वडील त्या व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते. घरात गावात ज्यांच्या शब्दापुढं कुणी जायचं नाही तो माणूस तिथं हात बांधून उभा होता, हे मी अजून विसरलेलो नाही. पैसे तीन आठवड्यांनी मिळाले, तेही दोन हेलपाटे घातल्यावर. त्याच रात्री वडिलांनी मला आजोबांच्या वेळची गोष्ट सांगितली. तेव्हा दलाल आणि घेणारा उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. ज्याचा माल त्याला आकडासुद्धा कळायचा नाही.

आपल्या राज्याचा १९६३ चा पणन कायदा, म्हणजे बाजार समित्यांचा कायदा, या उपरण्याखालच्या कारभाराविरुद्ध आला. उघडा लिलाव, तपासलेला काटा, लेखी पट्टी, परवान्याचा व्यापारी. एवढ्यासाठी तो चांगलाच होता. वाईट झालं ते पुढं. परवाना नसलेल्याला माल घेता येत नाही म्हटल्यावर घेणारे मोजकेच राहिले, मोजके राहिले की एकमेकांना धरून राहिले. कायदा म्हणतो तुझ्या विकण्यावर बंदी नाही. पण घेणाराच चौकटीत बांधलेला असेल तर त्या मोकळिकीचा उपयोग काय? तुझी तक्रार इथं शंभर टक्के खरी आहे.

तू निवेदनात कॅनडाचं उदाहरण दिलंस, म्हणून तिथलं थोडं पुढचं सांगतो. तिथलं गहू मंडळ १९३५ साली निघालं, १९४३ पासून सक्तीचं झालं. पश्चिमेकडच्या प्रांतांतल्या शेतकऱ्यानं गहू मंडळालाच द्यायचा, सुरुवातीला ठरावीक रक्कम घ्यायची आणि वर्षाच्या हिशेबानंतर उरलेली. स्वतःचाच गहू सीमेपलीकडं विकायचा असेल तर आधी मंडळाला विकून पुन्हा विकत घ्यायचा. याला वैतागून काही जणांनी विनापरवाना गहू अमेरिकेत नेला. एकानं तर तिथल्या मुलांच्या कृषी मंडळाला थोडा भेट म्हणून दिला. दंड भरायला नकार देऊन २००२ साली तिथल्या अल्बर्टा प्रांतातले तेरा शेतकरी तुरुंगात गेले. स्वतःच्या शेतातल्या गव्हासाठी तुरुंग! तू हे लिहिलंस ते बरोबर लिहिलंस, वाचताना माझाही घसा दाटला.

पण तू तिथं थांबलीस. २०११ मध्ये मंडळानं स्वतः मतदान घेतलं तेव्हा गव्हाच्या ६२ टक्के शेतकऱ्यांनी मंडळ राहू दे असा कौल दिला होता. म्हणजे शेतकरी एका बाजूला आणि मंडळ दुसऱ्या बाजूला, असं ते सरळ भांडण नव्हतंच. घराघरांत दोन मतं होती. सरकारनं कायदा केला आणि १ ऑगस्ट २०१२ ला सक्ती उठली. पुढच्याच वर्षी विक्रमी पीक आलं आणि रेल्वेचे डबे मिळेनात. बंदरावर गव्हाला भाव, गावच्या कोठारावर पडेल भाव, मधला फरक तिसऱ्याच्या खिशात. शेवटी मार्च २०१४ मध्ये सरकारला रेल्वे कंपन्यांना धान्य हलवायचा हुकूम काढावा लागला. मोकळीक आली होती, वाहतूक आली नव्हती.

यासाठी कॅनडापर्यंत जायलाही नको. आपल्या जिल्ह्यात उसाची झोनबंदी होती. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा. ऊस कुणाचा हे शेतकरी ठरवत नव्हता, तुझं गाव कुठल्या कारखान्याच्या हद्दीत येतं त्यावर ठरायचं. शेजारच्या हद्दीत टनाला जास्त मिळत असलं तरी तिकडं ऊस घालायची सोय नव्हती. शेतकऱ्यांनी आंदोलनं केली आणि १९९७ मध्ये झोनबंदी उठली. त्या दिवशी आमच्या गावात गुलाल उधळला होता. मीही उधळला. उठली ते चांगलंच झालं, कारखान्यांना दराची तुलना सोसावी लागली. पण त्या हंगामात काय बघितलं सांगू? ऊस कुठंही घालायची मुभा होती आणि तोडायला मजुरांची टोळी नव्हती. नोंद आपल्या कारखान्याकडं, कुणाचा ऊस कधी तुटणार ते पाळीपत्रक त्यांच्याकडं, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय त्यांचा. दुसरीकडं न्यायचा तर टोळी आपण शोधायची, ट्रॅक्टर आपण बघायचा, टोळीला वरची खुशाली आपण द्यायची. ज्याची पाच-दहा एकरांची बागायत त्यानं जुळवलं. ज्याचा वीस गुंठे ऊस, तो मागच्या वर्षी ज्या चिटबॉयमागं फिरला त्याच्याच मागं यंदाही फिरला.

आणि कर्नाटकातली निपाणी. पन्नास किलोमीटरसुद्धा नाही इथून. तंबाखूला तिथं ना सक्तीचं मंडळ होतं, ना यार्ड, म्हणजे बाजार समितीचं लिलावाचं आवार. व्यापारी म्हणेल तो भाव आणि देईल तेव्हा पैसे. १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी बायकापोरांसह महामार्गावर बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. जोशी आयुष्यभर खुल्या बाजाराच्या बाजूनं बोलले, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. पण बाजार नुसता मोकळा असला की शेतकऱ्याला भाव मिळतो, असं मला निपाणीनंतर कुणी पटवू शकलं नाही.

तेव्हा निवेदनात असं लिही: माल समितीच्या परवानाधारकानंच घ्यायची सक्ती काढा, यार्ड चालू ठेवा आणि त्यात शेतकऱ्याला मत द्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, यावर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. २०१७ साली दहा गुंठे जमीन असलेल्या शेतकऱ्याला बाजार समितीच्या निवडणुकीत थेट मतदानाचा हक्क मिळाला होता. २०२० मध्ये तो काढून घेतला. पुन्हा सोसायट्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य मतदार. कॅनडातल्या त्या सक्तीच्या मंडळावरही १९९८ पासून पंधरापैकी दहा संचालक शेतकरी निवडून द्यायचे. आपला माल तिथं, काटा तिथं, कडता तिथं आणि मत मात्र आपल्याला नाही. याच्यावर बोल. सभेत टाळ्या कमी पडतील, तरी बोल.

आता तुझ्या सोयाबीनचं. यार्ड बंद करा म्हणतेस, पण राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना याच बाजार समित्यांमार्फत चालते. १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात ठेवायचा, किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. सगळ्या समित्या ती नीट चालवत नाहीत हे मला माहीत आहे, तिथं भांडावं लागेल. पण सुगीत घरात पैशाची नड, परतीच्या पावसानं खळं ओलं, ट्रॉली भाड्याची आणि ड्रायव्हर घाई करतोय, अशा अवस्थेत माणूस कुठल्याही बाजारात गेला तरी देतील तो भाव घेऊन येतो. यार्डात जा, थेट कंपनीच्या केंद्रावर जा, नाहीतर गावात वजनकाटा घेऊन आलेल्याला दे. समोरच्याला तुझी घाई दिसते. त्या दिवशी माल परत घरी आणायची तुझी तयारी असती तर १४.५ चा आकडा कदाचित खाली आला असता.

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता, पण हमीभावाच्या खरेदीतही १२ टक्क्यांच्या वर ओलावा सहसा चालत नाही. म्हणून सगळं वाळवण्यापाशी येऊन थांबतं. तुझ्या वाडीत दहा-बारा घरांचं सोयाबीन आहे. प्रत्येकाकडं एक ताडपत्री आणि एक चिंता. सगळ्यांनी मिळून सोसायटीच्या आवारातलं काँक्रीटचं अंगण सुगीपुरतं मागा, चांगली चाळण घ्या, मीटर एकच पण तपासून घेतलेला ठेवा. दहा घरांचा वाळवलेला, चाळलेला माल एका जागी दिसला की व्यापारी स्वतः फोन करतो. दोन वर्षं आम्ही भातात हे केलं. तिसऱ्या वर्षी आपसात हिशेबावरून भांडलो आणि मोडलं. त्यात माझी चूक होती, वही मी एकट्याकडं ठेवली होती. तुम्ही वही दोघांकडं ठेवा, त्यातली एक बाई असू दे.

गेल्या तीन वर्षांच्या पट्ट्या घरात कुठंतरी असतील. तुझ्या आईला विचार, ती असले कागद तांदळाच्या डब्यामागं ठेवते, तुझे वडील असताना मी बघितलंय. येत्या रविवारी त्या घेऊन ये आणि डब्यात पावशेर सोयाबीनही आण. माझ्याकडचा मीटर जुना आहे, पण परवाच तपासून आणलाय. तुझ्या मीटरशी लावून बघू, मग निवेदनाचं शेवटचं वाक्य दोघं मिळून लिहू.

तुझे,
काका