नवीन फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये आईबाबांना न्यावं का? की हे सगळं नुसतं दिखाऊ असतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांना शहरातल्या नव्या फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये न्यावं का, ही एक. आणि "ज्यांना एकही स्वयंपाक धड येत नाही ते दोन एकत्र करून विकतात" हे तुमच्या मित्राचं म्हणणं खरं का, ही दुसरी. पहिलीवर येतो, पण आधी दुसरी. कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय. मी ज्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कुक होतो तिथंच बसून, ताई आणि भाच्यांसमोर, शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतील एवढ्या आवाजात.

जागेचं नाव सांगत नाही. मेक्सिकन आणि जपानी असा मेळ होता. शेफ मॅडम जपानी किचनमध्ये वर्षानुवर्षं काढलेल्या, आणि उघडायच्या आधी मेक्सिकोत जाऊन घराघरांत टॉर्टिया, म्हणजे मक्याची पातळ रोटी, शिकून आलेल्या. माझ्याकडे टॉर्टियाचं काम होतं. ऐकायला हलकं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मक्याचे सुके दाणे, पाणी, आणि मक्याच्या वजनाच्या साधारण शंभराव्या भागाइतका खायचा चुना. उकळी आणायची, थोडा वेळ मंद आचेवर ठेवायचं, मग गॅस बंद करून रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी पाणी पिवळंजर्द आणि बुळबुळीत झालेलं असतं. दाणा चिमटीत धरून चोळला की साल सुटून बोटाला येते. ही सालं धुऊन काढायची, पण अगदी सगळी नाही, थोडी राहिली तर पीठ चांगलं धरतं. मग दगडी जात्याच्या गिरणीवर ओलंच दळायचं. गोळी तळहातावर दाबली आणि कडांना चिरा पडल्या तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. तव्यावर दोनदा उलटल्यावर टॉर्टिया फुगली पाहिजे. नाही फुगली तर मॅडम काही बोलायच्या नाहीत, नुसती उचलून बाजूच्या डब्यात टाकायच्या. बोलल्या असत्या तर बरं, असं वाटायचं.

आता हा चुना कशाला? चुन्याच्या पाण्यात दाण्याच्या सालीतला चिवट भाग विरघळतो आणि पीठ एकमेकाला धरायला लागतं. नुसतं मक्याचं पीठ भिजवून पातळ केलं तर दुमडताना मोडतं. मध्य अमेरिकेतल्या लोकांना ही रीत हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, रीत मात्र गेली नाही. १८व्या शतकात स्पेन आणि इटलीतली गरीब माणसं जवळजवळ मक्यावरच जगायला लागली आणि पेलाग्रा नावाचा रोग पसरला. कातडी सोलवटते, जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरानं १७३५ साली त्याची नोंद केली. कारण कळायला मात्र २०वं शतक उजाडलं: मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या अवस्थेत असतं, चुन्यात शिजवल्याशिवाय ते शरीराला नीट मिळत नाही. ज्यांच्याकडून मका घेतला ते हजारो वर्षं तोच खाऊन ठणठणीत होते!

फ्यूजनबद्दल माझं जे काही मत आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे. दुसऱ्याकडची वस्तू उचलली आणि रीत तिथंच सोडली की फसतं. रीत नेली, मग वस्तू मिळेल ती घेतली तरी चालतं.

नोबू मात्सुहिसांचं उदाहरण घ्या. टोकियोत सुशी शिकलेला माणूस १९७३ साली पेरूमध्ये लिमाला गेला. तिथं सवयीचं सामान मिळेना, म्हणून तिथली मिरची, तिथला लिंबू, तिथली कोथिंबीर वापरली, पण मासा कापायचा हात जपानीच राहिला. पुढे १९८७ साली बेव्हर्ली हिल्समध्ये त्यांनी स्वतःचं रेस्टॉरंट काढलं ते याच जोरावर. आणि त्यांच्याही कितीतरी आधी, १८९९ साली, साकुरा मारू नावाच्या जहाजातून ७९० जपानी माणसं उसाच्या मळ्यांवर राबायला पेरूत उतरली होती. पेरूतले लोक कच्चा मासा लिंबाच्या रसात तासन्‌तास मुरवायचे, या मंडळींच्या पुढच्या पिढ्यांच्या हातात तो वेळ काही मिनिटांवर आला. २०२५च्या जगातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिलं आलेलं लिमाचं मायडो याच परंपरेतलं. मेक्सिकोतला अल पास्तोर टाकोही (टाको म्हणजे सारण घालून दुमडलेली टॉर्टिया) असाच. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी उभ्या सळईवर मांस भाजायची रीत आणली. मेंढ्याच्या जागी डुक्कर आलं आणि रोटीच्या जागी टॉर्टिया, सळई उभीच राहिली.

इथं बरेच जण म्हणतील, मग प्रश्नच मिटला, सगळंच अन्न फ्यूजन असतं, जपान्यांचा तळलेला टेम्पुरासुद्धा पोर्तुगीजांकडून आलाय. हा युक्तिवाद मला आवडत नाही. बरोबर आहे, पण आळशी आहे. त्या पदार्थांवर पिढ्या खर्ची पडल्या, दोन्हीकडचं रोज खाणारी माणसं ते करत होती. नव्या रेस्टॉरंटकडे उद्घाटनापूर्वीचे थोडे महिने असतात. टेम्पुराच्या पुण्याईवर कोणी मला पिझ्झ्यावर नूडल्स घालून देत असेल तर मी ते खाणार नाही.

तर आमचा मुख्य पदार्थ होता मशरूमचा टाको. मशरूम मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी वाटणात, मुरवून भाजायचे, वर मुळ्याचं लोणचं. मिसोत सुक्या शिताके मशरूमची पूड असायची. हे उगाच नव्हतं. किकुनाए इकेदांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मिसोतही तेच भरपूर असतं, सुक्या शिताकेत ग्वानिलेट नावाचं दुसरं चवीचं द्रव्य असतं, आणि दोन्ही एकत्र आली की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कैक पटींनी वाढते. सुरुवातीला हा टाको टेबलावर पोचेपर्यंत खालून ओला व्हायचा, कारण मशरूममध्ये पाणी फार. मॅडमनी तो मेनूवर येऊच दिला नाही. शेवटी असं ठरलं की मशरूम आधी कोरड्या कढईत, तेलाचा थेंब न घालता, पाणी सुटून आटेपर्यंत परतायचे आणि मगच मिसोला लावायचे. वेळ दुप्पट. पण मग टॉर्टिया शेवटच्या घासापर्यंत टिकायची.

असं काही महिने चाललं. मग मालकांनी हिशेब बघितला आणि एक मेनू कन्सल्टंट आणला. गृहस्थ बोलायला फार गोड. त्यांना वाटलं मेनू "छोटा" आहे. तो वाढला. बुर्राटा हे इटालियन चीज आलं, स्रिराचा या तिखट सॉसचा मेयो आला, आणि सगळ्यावर ट्रफल ऑइल आलं. (ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी, वासाची बुरशी. बाजारातल्या बहुतेक ट्रफल ऑइलचा तिच्याशी संबंध नसतो. साध्या तेलात २,४-डायथायापेंटेन नावाचं रसायन घातलेलं असतं. एकदा तो वास ओळखू आला की दारातून आत शिरतानाच कळतं, आज काय वाढून ठेवलंय ते.) वाढलेल्या पदार्थांना माणसं हवीत, ती वाढली नाहीत. म्हणून चुन्याचं पातेलं बंद झालं आणि पाकिटातल्या टॉर्टिया आल्या. कोरड्या कढईचं काम "नंतर बघू" झालं. मॅडम सोडून गेल्या. मेनूवर टाकोचं नाव आणि वर्णन मात्र तेच, "हाताने केलेली टॉर्टिया" हे शब्दसुद्धा. मी तिथंच होतो, कारण दुसरी नोकरी हातात नव्हती.

दाजी आले ते यानंतर.

ताईनं बोलावलं म्हणून मी ॲप्रनवरच बाहेर आलो. दाजींनी फोटो काढून झाला होता. दुसऱ्या घासाला टॉर्टिया खालून फाटली आणि मशरूमचं पाणी मनगटावरून बाहीत गेलं. दाजींनी टाको ठेवला, टिश्यूनं हात पुसला आणि म्हणाले, "काय रे, तुम्हा लोकांना एक तरी स्वयंपाक धड येतो का? येत नाही म्हणूनच दोन एकत्र करता."

ताई म्हणाली, "अहो, हळू बोला."

"हळू कशाला? पैसे देतोय मी."

मॅनेजर पाठीमागे उभे. मी म्हटलं, "दाजी, दुसरा पाठवतो." दुसरा काय वेगळा असणार होता? पाकीट तेच.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की ही गोष्ट निघते. बाहीत गेलेलं पाणी आता शर्टभर झालंय. मी किचनमध्ये काय करायचो हे सांगायला लागलो की दाजी म्हणतात, "अरे पण ताटात काय आलं ते बोल." आणि खरं सांगू का, एवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. गिऱ्हाइकानं ताटावरूनच ठरवावं. पण त्यावरून "यांना येत नाही" असं म्हणायचं? ज्यांना येत होतं त्यांच्या हातून काम काढून घेतलं होतं, आणि ज्यांनी काढून घेतलं ते त्या दिवशी काउंटरवर बसून पावत्या बघत होते. तुमच्या मित्रालाही हेच सांगा.

आता ओळखायचं कसं. मेनू वाचताना नुसती सामानाची यादी दिसते की काही केल्याचं दिसतं ते बघा. मिसो, बुर्राटा, ट्रफल, किमची अशी नावं एकामागोमाग आली आणि त्यांचं काय केलंय हे कुठंच नसलं तर कोणीतरी डबे उघडून वर घातलेत. आंबवलेलं, निखाऱ्यावर भाजलेलं, वाफवून मग तळलेलं असं काही असेल तर निदान एक माणूस आत राबतोय. एकच सॉस पाच पदार्थांवर दिसला तर उठा. वेटरला विचारा, टॉर्टिया किंवा नूडल्स इथं करता का, कधी करता? "हो सर, सगळं फ्रेश" हे उत्तर नाही. "सकाळी करतो, रात्री उशिरा संपतात" हे उत्तर आहे.

आणि सगळे सांगतात की नवीन जागा उघडल्यावर चार-सहा महिने थांबा, किचन बसू द्या. माझा सल्ला उलटा आहे. पहिले दोन-तीन आठवडे सोडा, त्यात खरंच गोंधळ असतो, पण नंतर लगेच जा. मालकानं हिशेबाची वही उघडायच्या आत. बसलेलं किचन म्हणजे पुष्कळदा काटछाट झालेलं किचन.

मालकांचीही बाजू असते हे मान्य. भाडं काही चुन्याच्या पातेल्यावर निघत नाही. आणि पाकिटातलं सामान वापरून उत्तम खायला घालणाऱ्या जागाही मी बघितल्यात. त्या मेनूवर "हाताने केलेलं" असं लिहीत नाहीत.

राहिले आईबाबा. न्या, पण वाढदिवसाच्या दिवशी पहिल्यांदा नको. आधी तुम्ही एकटे जाऊन या, कामाच्या दिवशी, दुपारी, आणि मेनूवरचा सगळ्यात साधा वाटणारा पदार्थ मागवा. तो जमला असेल तर बाकीचं जमतं. ते शाकाहारी असतील तर "व्हेज" या शिक्क्यावर जाऊ नका. दाशीत, म्हणजे जपानी सूपच्या पाण्यात, सुकवलेला बोनिटो मासा असतो, थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट, वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा, पार्मेजान चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट. वेटरला नुसतं "व्हेज आहे ना" विचारू नका, एकेकाचं नाव घेऊन विचारा, आणि त्याला सांगता आलं नाही तर किचनमध्ये विचारून यायला सांगा. आम्हाला राग येत नाही, उलट बरं वाटतं. अशा ठिकाणी पदार्थ तयार होतील तसे टेबलावर येतात, त्यामुळे ऑर्डर देतानाच "एकेक करून आणा" म्हणा, नाहीतर सहा थाळ्या एकदम येऊन निम्म्या गार होतील. आणि चॉपस्टिक ठेवल्या असल्या तरी काटे मागून घ्या, लगेच देतात.