जो जास्त ओरडतो त्याचा हप्ता आधी?

"मॅडम, कुणाचे पैसे आधी देऊ?" कर्जाचं दुखणं घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हे विचारतो, आणि एकट्याने मुलं सांभाळणाऱ्या आया तर हमखास. मी कुडाळला बसते, येणारे बहुतेक मालवण, वेंगुर्ले, देवगड, कणकवलीकडचे. खरं तर कर्जासाठी म्हणून कुणी समुपदेशनाला येतच नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, मुलगी गप्प गप्प असते असं काहीतरी सांगत येतात आणि मग अर्ध्या तासाने पर्समधून हळूच एक नोटीस बाहेर निघते.

आज सांगतेय ती वेंगुर्ल्याकडच्या एका ताईची केस, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय छत्तीस, नवरा रिक्षा चालवायचा, हार्ट अटॅकने गेला, त्याला तेव्हा दहा महिने झालेले. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. ताई काजू कारखान्यात काजू सोलायला जाते आणि रात्री ब्लाऊज शिवते, दोन्ही मिळून महिन्याला साधारण ₹११,०००. सोबत साडीच्या दुकानाची एक पिशवी आणलेली, त्यात हप्त्यांची कार्डं, पावत्या, सोन्याच्या तारणाची नोटीस, नवऱ्याचं पासबुक सगळं कोंबलेलं. पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "फोन वाजलो काय पोटात गोळो येता, मॅडम. तेंचा सगळा कर्ज आता माझ्या टकलेर ना?"

फोन उचलायचं काम मुलीकडे दिलेलं. नंबर ओळखीचा नसला की ती पोरगी उचलून "आई घरात नाय" म्हणायची, आई समोर चुलीपाशी बसलेली असताना. हे ती अगदी सहज सांगून गेली, पण माझ्या मते त्या घरातली सगळ्यात महागाची वसुली हीच चालली होती.

पहिल्या भेटीत मी एकच काम केलं, पिशवी रिकामी करून एका कागदावर सगळं लिहिलं. गटाची कंपनी एक (बायकांचा गट करून एकमेकींच्या जबाबदारीवर कर्ज देणारी), बाकी २८,०००, महिना २,४००. गटाची कंपनी दोन, बाकी १९,०००, महिना १,९५०. पतपेढीचं रिक्षाचं कर्ज १,१२,०००, हप्ता ५,२००. सोनं तारण ६५,०००, त्याचं व्याज महिन्याला ११०० च्या आसपास. मोबाईलवरचं लोन ॲप, मागणी ९,०००. बहिणीचे आणि शेजारणीचे मिळून ४०,०००. वाण्याची उधारी ६,३००. बेरीज दोन लाख एकोणऐंशी हजार तीनशे. तिला वाटत होतं पाच-सहा लाख असतील! आकडा मोठाच आहे, पण मनातला आकडा नेहमी त्याहून मोठा असतो, म्हणून लिहायचं. महिन्याची मागणी मात्र भयानक होती, हप्ते आणि व्याज मिळून १०,६५०, म्हणजे ११,००० पगारातून हातात उरणार ३५०, आणि त्यात तीन माणसं जेवणार.

मग विचारलं, गेल्या तीन महिन्यांत पैसे कुणाला गेले? सगळ्यात आधी ॲपवाल्याला, कारण तो फोटो व्हायरल करीन म्हणत होता. मग गटवाल्यांना, कारण त्यांचा माणूस रात्री साडेआठपर्यंत खळ्यात बसून राहायचा. सोन्याला काहीच नाही, कारण तिथून फक्त कागद येतात, कागद ओरडत नाही. वाण्याला थोडे. बहिणीला शून्य, ती बिचारी कधी मागतच नाही. म्हणजे जो जास्त ओरडेल त्याचा नंबर पहिला असा हिशोब चाललेला, आणि तो नव्वद टक्के घरांत असाच चालतो. जो ओरडतो तो सगळ्यात महत्त्वाचा असतो असं अजिबात नाही हो, उलट ज्याच्या हातात कायद्याने फारसं काही नसतं तोच जास्त ओरडतो.

आम्ही कागद पुन्हा लावला. सगळ्यात वर तांदूळ, गॅस, लाईट बिल, मुलांची शाळा, रिचार्ज, एसटीचे पैसे. हे कर्ज नाही पण हेच पहिलं देणं. तिचा महिन्याचा हा खर्च रेशन धरून ६,६०० निघाला, म्हणजे उरले ४,४००. यातच सगळं बसवायचं, आणि जुना हप्ता भरायला नवीन कर्ज काढायचं नाही. गटाची दुसरी कंपनी तिने पहिल्या कंपनीचे हप्ते आणि बाराव्या-तेराव्याचा खर्च भागवायलाच घेतली होती.

आता एकेक सांगते, कारण हे बऱ्याच जणांच्या कामाचं आहे.

नवऱ्याचं कर्ज बायकोवर आपोआप येत नाही. तिने सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्याने मागे जे ठेवलं, म्हणजे गाडी, खात्यातले पैसे, जमिनीतला हिस्सा, तेवढ्यापुरतीच वारसांची जबाबदारी. तिच्या पगारावर पतपेढीचा हक्क नाही. कर्जाचा फॉर्म मागवून बघितला, हिची सही नव्हती. पण जामीन होता तिचा दीर, मुंबईला नोकरीला, आणि जामीन मात्र सुटत नाही, कर्जदार गेला तरी नाही. म्हणजे कायद्याने ही मोकळी पण दीर अडकणार, आणि घर तर सामाईक. इथे वकिलाचा सल्ला एक आणि नात्याचा हिशोब दुसरा असतो. वकील लागलाच तर महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आपल्याकडे ओरोसला कोर्टात ऑफिस आहे आणि हेल्पलाईन १५१००.

गटाच्या कर्जाचं कार्ड नीट वाचा. कर्ज देताना विम्याचे म्हणून पैसे कापलेले असतात आणि बऱ्याच ठिकाणी तो विमा बाई आणि नवरा दोघांचाही असतो, नवरा गेला की उरलेलं कर्ज विमा भरतो. ताईच्या पहिल्या कंपनीच्या कार्डावर विम्याची ओळ होती, आणि बाई दहा महिने २,४०० भरत होती! कुणी सांगितलंच नाही. मृत्यू दाखला आणि अर्ज दिला, पोच घेतली, चार वेळा ब्रँचला फोन करावे लागले, शेवटी खातं बंद झालं. दुसरं कर्ज नवरा गेल्यानंतरचं, त्याला हे लागू नाही, ते चालू राहिलं.

त्याच कामात नवऱ्याचं पासबुकही चाळलं. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कापल्याची नोंद शोधत होते, ती सरकारी जीवन ज्योती विम्याची असते आणि वारसाला दोन लाख मिळतात. नव्हती. २० रुपयांची होती, पण तो सुरक्षा विमा अपघाताचा, हार्ट अटॅकला चालत नाही. ताईचा चेहरा उतरला, पण बघायला पाहिजेच होतं, तुमच्या घरात कुणी गेलं असेल तर आजच पासबुक काढा, क्लेमला उशीर करू नका.

वसुलीवाले. गटाच्या म्हणजे मायक्रोफायनान्सच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोनही नाही आणि घरी येणंही नाही, शिवीगाळ नाही, नातेवाईकांना त्रास नाही. ताईने तो नियम एका कागदावर लिहून पडवीत चिकटवला. साहेब आले, वाचलं, जरा हसले आणि तेव्हापासून पाचच्या आत येतात. ऐकलंच नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ वर माहिती मिळते. आणि हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे, चेक दिला असेल आणि बाऊन्स झाला तर मात्र प्रकरण वेगळं. गटातल्या बायकांचं काय, असं ती विचारत होती, त्या तर शेजारणीच, त्यांना नियम दाखवून काय उपयोग. त्यांना तिने स्वतः जाऊन सांगितलं की १,९५० दर महिन्याला येतील, तारीख एखादवेळी मागेपुढे होईल. त्यातल्या दोघी महिनाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. आता बोलतात.

लोन ॲप. कर्ज ४,००० चं, खात्यात आले २,६००, सात दिवसांची मुदत, आत्तापर्यंत हिने ३,५०० भरलेले आणि मागणी ९,०००. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर डिजिटल लेंडिंग ॲप्सची यादी आहे, हे त्यात नव्हतं. एक रुपयाही आणखी द्यायचा नाही असं ठरलं, स्क्रीनशॉट काढले, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला तक्रार केली, ॲपची परवानगी बंद करून मगच ते काढलं. आणि मी तिला सांगितलं की धमकी खरी करायच्या आधी तूच सगळ्यांना कळव. तिने रात्री बसून व्हॉट्सॲपवर सगळ्यांना टाकलं: माझ्या नावाने घाणेरडा फोटो किंवा मेसेज आला तर तो खोटा आहे, पोलिसात तक्रार केली आहे, कुणी पैसे देऊ नका. दोन दिवसांनी खरंच मेसेज फिरले. कारखान्यातल्या मुकादमीणबाईने फक्त विचारलं, जेवण झालं का. धमकीची हवा तिथेच गेली.

सोन्यात दोन पाटल्या आणि मंगळसूत्र होतं, लिलावाची नोटीस आलेली. सोन्याचा भाव आता इतका चढलाय की एक पाटली विकली तर सगळं तारण सुटत होतं, पण सोडवायला पैसे आधी लागतात ना! ओळखीचा सोनार स्वतः तिथे आला, पैसे भरले, पाटली त्याने घेतली, वरचे पैसे आणि दुसरी पाटली आणि मंगळसूत्र हिच्या हातात. वरचे पैसे म्हणजे वाण्याची अर्धी उधारी भरण्याइतके. मंगळसूत्र आता घालत नाही पण मुलीसाठी हवंय म्हणाली. ठेव की, त्यात चुकीचं काय आहे, काही लोक म्हणतात सगळंच विकून मोकळं व्हा, मला ते पटत नाही, एक तोळा सोनं ही उद्याच्या दवाखान्याची सोय असते.

खरी अडचण रिक्षाची. रिक्षा पडवीत ताडपत्रीखाली, दहा महिने हललेली नाही, खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला गंज चढायला लागलेला. "ती तेंची आठवण आसा, विकूची नाय." यावर मी तीन भेटी काहीच बोलले नाही. मुलाने एक दिवस विचारलं म्हणे, बाबांची रिक्षा गंजतेय तर कुणाला चालवायला का नाही देत. त्यानंतर तीच म्हणाली विकते. गणपतीत दीर आला, चाकरमानी सगळे घरी होते, दुपारी जेवणं झाल्यावर तिने कागद पुढे ठेवला. मला वाटलं होतं भांडण होईल. दीर म्हणाला, "वयनी, जामीन मी, मगे माका सोडून कसा चलात?" पतपेढीची एनओसी, आरटीओत वारसाची नोंद, बोजा उतरवणं, यात दिवाळी आली, पण रिक्षा ९५,००० ला गेली आणि पैसे थेट पतपेढीत भरले. राहिले १७,०००. संचालकांना अर्ज करून पुढचं व्याज थांबवून घेतलं, दिराने ८,००० दिले, उरलेले ९,००० हिने महिना ७५० प्रमाणे. कायद्याने तिला हे ९,००० द्यायची गरज नव्हती. तिला द्यायचे होते.

४,४०० चं गणित आता असं: गटाला १,९५०, पतपेढीला ७५०, वाण्याला ५००, बहिणीला ५००, पोस्टातली आरडी ५००. उरतात २००, आणि त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय पण महिन्यात लागतातच. बहिणीने पहिले ५०० परत केले होते, ताईने पुन्हा पाठवले.

योजनांचं सांगायचं तर बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या मुलाला महिना २,२५० मिळू शकतात, अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. दोघांचेही अर्ज केलेत. लाडकी बहीणचे १,५०० तिला येतात, ते मी ११,००० मध्ये धरलेलेच नाहीत, बालसंगोपनचेही धरणार नाही, कारण सरकारी पैसे येतात तेव्हा दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात आणि नसतात तेव्हा नसतात. आले की शाळेचं सामान आणि पावसाळ्याची बेगमी.

मुलांना किती सांगायचं हा प्रश्न राहिला. माझं म्हणणं, आकडे नाही पण खरं सांगा. तिने मुलीला सांगितलं की कर्ज आहे, कागदावर लिहिलंय, आणि फोन यापुढे मीच उचलणार. मुलगी पहिल्यांदा चिडली, "मगे माका इतके दिवस खोटा कित्याक बोलूक लावलंस?" हे ऐकून घ्यावं लागतं, त्याला उत्तर नसतं.

आता मुलगी दहावीत आहे. जूनमध्ये अकरावीच्या ॲडमिशनचा खर्च येणार, तेव्हा आरडी मोडायची की पतपेढीचा हप्ता एक महिना थांबवायचा, हे ठरवायला ताई पुढच्या महिन्यात येतेय. मी सांगणार आहे हप्ता थांबव, पण पतपेढीला आधी लेखी दे आणि पोच घे.