वाचक विचारतात : पेशव्यांचा वाडा पाहायचा तर कुठला?

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन पुण्याला जाणार आहोत. शनिवारवाड्यात आत नुसते चौथरेच आहेत म्हणे. मग वाडा म्हणून नेमकं काय पाहावं? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. तट, दरवाजे आणि दिल्ली दरवाजावरचा नगारखाना तेवढा उरला. म्हणून आधी बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबाग वाडा पाहा. दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधलेला, १८०७ च्या सुमाराचा. १८७९ मध्ये यालाही आग लागली होती, पण पेशवाईतलं लाकूडकाम कसं असे ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आत शिरण्यापूर्वी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. दारावरचा कोरीव सज्जा खालून दिसतच नाही आणि बहुतेक जण तिथेच चुकतात. आत गेल्यावर मुलांना एकच खांब नीट दाखवा. सुरूच्या झाडासारखा वर निमुळता होत गेलेला, माथ्याशी केळफुलाची नक्षी. खाली दगडी तळखडा असतो, कारण लाकूड थेट जमिनीवर टेकलं तर ओल आणि वाळवी दोन्ही धरते. मग दोन खांबांमधले खण मोजायला सांगा. वाड्याची खोली खणांवरच सांगतात, पाच खणी, सात खणी. हा हिशेब डोक्यात बसला की शनिवारवाड्यातले चौथरे बोलू लागतात. तिथे ‘काहीच नाही’ असं मुलं म्हणणार नाहीत. दिल्ली दरवाजाचे खिळे मात्र चुकवू नका. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीला ठोकलेले आहेत.

विश्रामबाग वाड्यात जुन्या लाकडाची डागडुजी सारखी निघते आणि तेव्हा वरचा मजला बंद असतो. आधी चौकशी करून निघालेलं बरं.

प्रश्न : गाडी कुठे लावायची?

उत्तर : शक्यतो आणूच नका. मेट्रोने मंडई स्थानकाला उतरा, तिथून विश्रामबाग चालत जाण्याजोगा आहे. पुढे शनिवारवाड्याकडेही पायीच जा. बाजीराव रस्ता एकेरी असून वाहनं शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात, त्यामुळे उलट निघालेल्या रिक्षाला शिवाजी रस्त्याने वळसा पडतो. रविवारी संध्याकाळी तर तुळशीबागेच्या गर्दीत मुलांचा हात सोडायची सोय नाही, सकाळीच उरका.