सही करायच्या आधी गावाला विचार

तुझा मेल वाचला. रात्री अडीचला पाठवलायस, म्हणजे झोप उडालीय हे कळलंच. युरोपातल्या संस्था तुमच्या किनाऱ्यावरच्या बंदराबद्दल संयुक्त पत्र काढतायत, शुक्रवारपर्यंत तुमच्या समितीची सही हवीय, पत्रात थेट ‘प्रकल्प रद्द करा’ लिहिलंय आणि तुमच्या पाचपैकी दोन गावांचं अजून तसं ठरलेलंच नाही. तू विचारतेस, सही नाही केली तर एवढी मोठी साथ हातची जाईल का? जाईलही कदाचित. तरी आधी गावाला विचार.

नर्मदेचं उदाहरण तुला सगळेच देतात, पण अर्धवट देतात. 1985 मध्ये जागतिक बँकेनं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. 1989 मध्ये नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधाताई पाटकर वॉशिंग्टनला अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे बोलल्या. तिथेच का, तर बँकेत सगळ्यात मोठा हिस्सा अमेरिकेचा आणि तो पैसा काँग्रेसच्या मंजुरीनं जातो. कुठली समिती, कुठला खासदार, कधी गाठायचा, हे तिथल्या पर्यावरण संघटनांना पाठ होतं, आपल्याला नव्हतं. जपानमधल्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या सरकारवर दबाव आणला आणि 1990 मध्ये धरणाच्या टर्बाइनसाठीचं पुढचं जपानी कर्ज थांबलं. प्रत्येकानं आपापल्या सरकारची मान धरली. आघाडी म्हणजे हे गं, एका कागदावर पन्नास लोगो छापणं नव्हे!

मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात होते, सुट्टीत अक्कलकुव्याच्या बाजूच्या गावांत जायचे. एकदा बाहेरचे पाहुणे आले होते, पावरी या तिथल्या आदिवासी बोलीतून मराठी, मराठीतून इंग्रजी असं चाललेलं, आणि एका म्हाताऱ्या बाईनं मधेच विचारलं, त्या बँकेत यांचा पण पैसा आहे का? असेल तर यांनी तिकडे जाऊन भांडावं, इथलं आम्ही बघतो. कामाची एवढी सरळ वाटणी मी नंतर कुठल्या परिषदेत ऐकली नाही. मागणी गावाची, जोर सगळ्यांचा.

पुढचं तुला माहितीय. बँकेनंच नेमलेली स्वतंत्र मोर्स समिती खोऱ्यात फिरली, लोकांचं ऐकलं, 1992 मध्ये बँकेला म्हणाली या प्रकल्पातून मागे व्हा. मार्च 1993 मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्जच नको म्हणून कळवलं. इथे लोक गोष्ट थांबवतात आणि टाळ्या वाजवतात. पण काम थांबलं नाही, ते आपल्या सरकारांच्या पैशावर चालूच राहिलं. बँक गेली तशी वॉशिंग्टनमधली किल्लीही निकामी झाली. त्याच वर्षी पावसाळ्यात मणिबेलीत, महाराष्ट्रातल्या डुबीतल्या गावात, पाणी चढलं तेव्हा तिथे कोण होतं? गावचे लोक आणि त्यांच्यासोबत राहिलेले कार्यकर्ते. मागणी त्यांची स्वतःची होती म्हणून ते तिथे उभे राहिले, वॉशिंग्टनमध्ये ठरलेली असती तर त्या पाण्यात कोणी थांबलं नसतं. 1994 मध्ये 44 देशांतल्या 326 संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये असं जे निवेदन काढलं त्याला नाव मणिबेलीचं दिलं, तेही काही उगाच नाही.

खंत आहेच. महाराष्ट्रातली 33 आदिवासी गावं डुबीत आली, 2000 मध्ये सुप्रीम कोर्टानं बांधकामाला परवानगी दिली, 2017 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं, आणि जगभर पोचलेल्या त्या माणसांचे जमिनीचे कागद मात्र कचेरीत वर्षानुवर्षं अडले. म्हणून मी बाहेरच्या साथीबद्दल भाबडी नाही. पण विरोधातही नाही, हे नीट वाच. बँकेविरुद्ध सामान्य माणसाला दाद मागता यावी म्हणून 1993 मध्येच इन्स्पेक्शन पॅनेल आलं, आणि त्यामागे या लढ्याचा मोठा वाटा होता.

नंतर माझ्या वाट्यालाही असंच पत्र आलं. परदेशी संस्थेला गावसभेआधी मागण्यांचं पान हवं होतं. मी थांबा म्हटलं, ते थांबले नाहीत, आमचा अभ्यासाचा निधी गेला. सोबतचे काहीजण आजही म्हणतात, तुझ्या हट्टापायी गेलं. त्यांनी म्हणावं. ज्या सभेत लोकांनी ‘आधी मोजणी दाखवा’ एवढंच ठरवलं तिथे मी ‘रद्द करा’वर सही कशी करणार होते? दुसऱ्या दिवशी तहसीलदारानं गावाला विचारलं असतं, तुम्ही असं म्हणालात का, तर लोक काय बोलले असते? आणि आपल्यावर ‘परदेशी हात’ म्हणून शिक्का मारायला लोक टपलेलेच असतात, त्यावर एकच उत्तर चालतं, ठरावाचं रजिस्टर, तारीख आणि अंगठे. पैशाचं तर बोलूच नको, 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेला पैसा एका संस्थेला दुसरीला देताच येत नाही, तेव्हा त्या आशेवर सही करत असशील तर तेही डोक्यातून काढ.

म्हणून आजच त्यांना कळव, दहा दिवस हवेत. सोबत विचार, बंदरात पैसा कोणाचा, कुठली बँक, कुठली विमा कंपनी, युरोपात त्यांना जाब कोण विचारू शकतं. हे त्यांनी शोधायचं, हे त्यांचं काम आहे, आणि खरी साथ द्यायची असेल तर आनंदानं करतील. तू त्या दोन गावांत जा, होड्या परत आल्यावर संध्याकाळी, बायकांनाही बसव, पत्र मराठीत वाचून दाखव, लोक म्हणतील ती ओळ बदल. मुदत वाढवून नाही दिली तर पत्र त्यांच्या नावानं जाऊ दे, तुमच्या समितीचं नाव त्यावर नको.