फूड व्हॅनमध्ये दोन मोठ्या बॅटऱ्या टाकल्या तर रात्रीचा सगळा लोड निघेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. पिकअपवर फूड व्हॅन बांधली आहे, इंदूरच्या विजयनगरला संध्याकाळी सात ते बारा उभी असते, इंजिन बंद. 12 व्होल्टचा फ्रीज, दिवे, एक्झॉस्ट पंखा, शिवाय इन्व्हर्टरवर 750 वॉटचा मिक्सर. सगळं गाडीच्याच बॅटरीवर, म्हणून निघताना धक्का मारावा लागतो. आणि मेकॅनिक सांगतो, "भिया, दो बडी डाल दो, चलते-चलते चार्ज हो जाएंगी."

नाही होणार. माझं ऑटो इलेक्ट्रिकचंच काम आहे, आणि इंदुरात हा सल्ला रोज कुणीतरी कुणाला तरी देत असतो. आधी हिशोब करू. दिवे आणि पंखा मिळून 60 वॉट धरले तर 5 अँपिअर. पाच तासांत 25 अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास, बॅटरी यातच मोजतात) गेले. फ्रीजचा कंप्रेसर निम्मा वेळ चालतो असं धरा, पण मे महिन्यात तो थांबायचं नाव घेत नाही, म्हणून 15. मिक्सर इन्व्हर्टरमधून सुमारे 70 अँपिअर ओढतो. रात्रीत एकूण वीस मिनिटं जरी फिरला तरी 23-24. म्हणजे रोजचा खर्च 65 च्या आसपास.

आता जमा किती? घरी जायला अर्धा तास, त्यात सिग्नलवर इंजिन आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन हळू चालू. अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरवर, 90 अँपिअर लिहिलेलं असलं तरी ते जोरात फिरताना. आयडलला त्याच्या निम्मेही मिळतील असं नाही, आणि त्यातून हेडलाइट वगैरेही चालायचं. त्या जादा बॅटऱ्यांना 15 अँपिअर-तास मिळाले तरी खूप. खर्च 65, जमा 15. दोन काय, चार बॅटऱ्या टाका, फक्त रडायची वेळ चार दिवस पुढे जाईल. वर अर्धवट चार्ज राहिलेल्या लेड-अ‍ॅसिडच्या प्लेटांवर सल्फेट बसतं ते वेगळंच.

म्हणून पैसे आधी चार्जरवर घाला. रात्री गाडी घरी लागली की 15-20 अँपिअरचा, आपोआप फ्लोटवर जाणारा (बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवून ती नुसती भरलेली ठेवणारा) चांगला चार्जर लावायचा आणि सकाळपर्यंत काढायचा नाही. ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर घेते. पुढचं म्हणजे गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत शिरणं, जितकं आत जाल तितका वेग कमी. तीन तासांत काढून "झाली चार्ज" म्हणणारे सहा महिन्यांत बॅटरी घालवतात. सेटिंग 14.4 व्होल्ट, फ्लोट 13.5 ते 13.8. उन्हाळ्यात थोडं कमी ठेवा: 25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.018 व्होल्ट, म्हणजे 43 अंशांना 0.3 च्या वर. महागड्या चार्जरला त्यासाठी टेम्परेचर सेन्सरची वायर असते.

बॅटरी कुठली? इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी ठेवा, तिला फ्रीज-मिक्सर दाखवूसुद्धा नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, एका क्षणात भरपूर करंट द्यायला केलेल्या. लोडसाठी डीप सायकल, म्हणजे रोज खोलवर उतरवून पुन्हा भरायची बॅटरी हवी आणि ती निम्म्याखाली उतरवायची नाही. म्हणजे 65 साठी 130 ते 150 ची. शिवाय बॅटरीवरचा 150 हा आकडा 20 तासांत सावकाश, साडेसात अँपिअरनं ओढण्याचा असतो. मिक्सर 70 नं ओढायला लागला की तो आकडा विसरा. घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर लोक टाकतात, पण ती एका जागी ठेवण्यासाठी केलेली असते. मी तुमच्या जागी ई-रिक्षाच्या बॅटऱ्या पाहीन, त्या खड्डे आणि रोजचं खोल डिस्चार्ज धरूनच बनवतात. वॉरंटी मात्र कमी मिळते.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), 100 ची घेतलीत तर 80 आरामात वापरता येतात, वजनही कमी. पण ती थेट अल्टरनेटरला जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट खेचते, आणि आयडलला अल्टरनेटरचा पंखा हळू, म्हणून वाइंडिंग तापतं. मध्ये करंटला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच. बीएस-6 गाड्यांपैकी काहींमध्ये कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज खाली आणतो, तिथे इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा साधा आयसोलेटर रिले पण धड चालत नाही.

अल्टरनेटरपासून मागच्या, म्हणजे लोडच्या बॅटरीपर्यंतच्या वायरीवर कंजुषी करू नका. 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, जाऊन-येऊन 10 मीटर, 30 अँपिअर: तिच्यातच जवळजवळ 0.9 व्होल्ट पडतात. अल्टरनेटरवर 14.2 दिसेल आणि मागच्या बॅटरीवर 13.3. 25 स्क्वेअर एमएम घ्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज टाका.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण व्हॅनमध्ये गॅसची शेगडी आहे म्हणून सांगतो. पाण्याच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरीची पेटी चेसिसला बाहेरून, हवा खेळेल अशी बसवा, पट्ट्यानं आवळून. केबिनमध्ये ओट्याखाली अजिबात नको.

आणि मिक्सर न्यायलाच हवा का? चटण्या घरून वाटून नेल्यात तर खर्च 65 वरून 40 वर येतो. मग 80 ते 100 ची बॅटरी पुरते, आणि इन्व्हर्टरचेही पैसे वाचतात.