कुलूप-चावीचं दुकान टाकतोय. भांडवल किती लागेल आणि विमा काढायलाच हवा का?

विमा काढाच. पण कशाला भरपाई मिळते, ते एजंटच्या तोंडी शब्दावर मानू नका. माझा एजंट माझा मेव्हणा आहे, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितोय.

पुण्यात आमचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. मेव्हण्यानं जेवणाच्या ताटावर पॉलिसी गळ्यात मारली. आग, घरफोडी, वर पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. "दाजी, उद्या गिऱ्हाईकाचं दार मोडलंत तरी कंपनी बघून घेईल."

पुढे एका सोसायटीत चावी आत राहिलेली गाडी उघडायला गेलो. हवेची पिशवी दाराच्या फटीत सरकवली, पंप मारला, सळई आत घातली. टोक बटणावर टेकतंय तोच मालकाच्या चिरंजीवांना दम निघेना. त्यांनी दाराची चौकट वरून धरून ओढली. दार उघडलं, पण चौकट बाहेर आली ती आलीच. रबर बसेना, काच अडकायला लागली. माझ्या पोऱ्यानं काढलेल्या व्हिडिओत चिरंजीवांचा हात स्वच्छ दिसतो. तरी गॅरेजचं बिल माझ्या माथी.

क्लेम टाकला. उत्तर आलं, की ज्या वस्तूवर काम चालू होतं, जी तुमच्या ताब्यात होती, तिचं नुकसान या पॉलिसीत धरत नाहीत. म्हणजे सळई शेजारच्या गाडीला लागली असती तर विचार झाला असता! अहो, चावीवाला दुसऱ्याच्या वस्तूवर काम नाही करणार तर कशावर करणार? मेव्हणा म्हणतो, "मी असं बोललोच नव्हतो." सासूबाई वाढत होत्या, त्यांनी ऐकलंय. पण त्या पोटच्या पोराविरुद्ध कशाला बोलतील?

तेव्हा हातातल्या कामाच्या नुकसानीचं कव्हर जोडून मिळेल का, ते लेखी विचारा. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तरी चालेल. छोट्या दुकानांना 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी दाखवतात. ती आग, पूर असल्या संकटांसाठी. चोरी त्यात धरतात ती अशा घटनेनंतर 7 दिवसांतलीच. रात्री शटर फोडून मशीन नेलं तर घरफोडीचं कव्हर वेगळं लागतं. हेही मी स्वतः वाचून काढलं, कुणी सांगितलं नाही. बँकेतला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा मात्र डोळे झाकून घ्या, वर्षाला तेवढ्यात 2 लाखांचं अपघाती कव्हर आहे.

आपल्याकडे या धंद्याला वेगळं लायसन्स नाही. म्हणून वही ठेवा. नाव, ओळखपत्र, पत्ता, सही. रात्री लॅच उघडायला बोलावलं आणि माणूस ओळखपत्र दाखवायला कुरकुरला, तर पिशवी उचलायची. चावीवाला म्हटलं की लोक आधी संशयानं बघतात, त्यांना तोंड द्यायला ती वहीच कामी येते.

भांडवलाचं राहिलंच. तुमचं गाव, जागा माहीत नाही, आकडा कसा सांगू? साधं कटिंग मशीन, ब्लँक (दाते न पाडलेल्या कोऱ्या चाव्या) आणि चांगल्या कानशी एवढ्यावर सुरू करा. पुण्याजवळ असाल तर बोहरी आळी पालथी घाला. चिपच्या चाव्यांचं मशीन पहिल्या वर्षी नको. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुलूपवाल्यांचं नाव आहे, 5 टक्क्यांनी पहिलं 1 लाखापर्यंतचं कर्ज मिळतं, पण ते आधीपासून हातानं हे काम करणाऱ्यांना. तुम्ही नवे असाल तर आधी कुणाच्या तरी दुकानात बसा.